तानसाकाठची उष्णोदके
वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडांचा आणि आपल्या स्नानयात्रेचा वृत्तान्त

आपल्या ज्ञातीत असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी वज्रेश्वरीच्या ऊन पाण्यात स्नान केलेले नाही. गुडघे धरले, खरूज उठली, लग्नाचा नवस फेडावयाचा राहिला, किंवा यांतले काहीच नसून पौषातली थंडी पडली एवढेच निमित्त असले, तरी मंडळी कुंडांच्या वाटेला लागत. असे असूनही ही कुंडे कोणी बांधली, ते पाणी ऊन का, आणि त्यात कोणी उतरावे हे कोण ठरवीत असे, याविषयी चार विश्वसनीय गोष्टी विचारल्या तर आपली तरुण मंडळी गप्प बसतात. संपादक मंडळींनी यंदाच्या स्मरणिकेसाठी ऐतिहासिक विषयावर लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा म्हणूनच हा विषय मी आपण होऊन मागून घेतला.

प्रथम स्थळाविषयी. मानपाडा या नावाची दोन गावे आपल्या वाचकांत प्रसिद्ध आहेत. एक ठाण्याचे, घोडबंदर रस्त्यावरील, आणि दुसरे डोंबिवलीचे, कल्याण-शीळ रस्त्याकडील. दोन्हीकडे आपली घरे असल्यामुळे लग्नपत्रिका चुकीच्या मानपाड्यास गेल्याच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु दोन्ही मानपाड्यांची वाट भिवंडीस एक होते आणि तेथून अंबाडीवरून तानसा नदीच्या खोऱ्यात उतरते. वडवली हे ज्या गावाचे जुने नाव ते वज्रेश्वरी, त्याला लागून अकलोली आणि थोड्या अंतरावर गणेशपुरी, अशी ही तीन गावे. या टापूत नदीच्या पात्रात आणि काठांवर अनेक ठिकाणी ऊन पाण्याचे झरे वर येतात. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यात सातिवली, हालोली, कोकनेर येथील झरे पालघरकडे गेले; वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी मात्र भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच राहिली.

पुराणकथा सर्वांस ठाऊक आहेत, तरी लहान मुलांसाठी थोडक्यात सांगतो. वसिष्ठ ऋषींनी येथे चंडीयज्ञ मांडला आणि त्यात इंद्राला हविर्भाग दिला नाही. इंद्राने रागाने वज्र फेकले. देवीने प्रकट होऊन त्या वज्राचा ग्रास केला, म्हणून ती वज्रेश्वरी. तिने येथे जे दैत्य मारिले त्यांचे रक्त ते हे ऊन पाणी, अशी दुसरी कथा. परशुरामाने येथे यज्ञ केला आणि आसपासच्या टेकड्या त्या यज्ञाची राख होत, अशी तिसरी. या कथांत यज्ञ, वज्र आणि राख ही तिन्ही अग्नीशी संबंध ठेवणारी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पायाखालून ऊन पाणी निघताना पाहून जुन्या माणसाने कारण शोधले आणि त्याला जे कारण सुचले ते त्याने देवाच्या भाषेत सांगितले.

देवीचे मूळ स्थान येथे नव्हते. ते उत्तरेस सुमारे पाच मैलांवर गुंज येथे होते, पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देवी वडवलीस आली, अशी परंपरा आहे. यापुढील भाग मात्र इतिहासाच्या भक्कम जमिनीवर येतो. इ. स. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि वसईची मोहीम सुरू झाली. दोन वर्षे वसई पडेना. या काळात चिमाजी आप्पांचा तळ वडवलीच्या परिसरात पडला असता त्यांनी देवीला नवस केला की, किल्ला हाती आला तर तुझे देऊळ बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई शरण आली. नवसाप्रमाणे देऊळ उभे करण्याचे काम वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आले. स्वतः आप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. वसईनंतर त्यांना जेमतेम दीड वर्षाचे आयुष्य लाभले.

देऊळ पाहिले म्हणजे ते लढवय्याने बांधविले आहे हे सांगावे लागत नाही. भोवती किल्ल्यासारखा दगडी तट, दारावर नगारखाना आणि चढण्यास बावन्न पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेले असून लोक त्याला कूर्म म्हणून हळदकुंकू वाहतात. गाभाऱ्यात मध्ये वज्रेश्वरी आणि बाजूंस रेणुका व कालिका. नगारखाना बडोद्याच्या गायकवाड घराण्याकडून झाला असे सांगतात. चैत्र वद्य चतुर्दशी आणि अमावास्येस जत्रा भरते. तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. तरी वरून तापलेले ऊन व खालून तापलेले पाणी यांच्यामध्ये लोक आनंदाने स्नान करितात. भक्तीचे सामर्थ्य म्हणावे की सवयीचे, हे वाचकांनीच ठरवावे.

या निवांत खोऱ्याने आणखी एक रक्तपात पाहिला आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी वसईस वेढा घातला, त्या वेळी वेढा उठविण्यासाठी आलेल्या मराठी सैन्याची आणि कर्नल हार्टले याच्या फौजेची जवळच दुगाड येथे १७८० च्या डिसेंबरात गाठ पडली. मराठी सेनापती रामचंद्र गणेश तेथे धारातीर्थी पडले. चिमाजी आप्पांनी घेतलेली वसई त्याच सुमारास इंग्रजांच्या हाती गेली. वज्रेश्वरीस जाणाऱ्यांनी वाटेत दुगाडचा फाटा दिसला तर या वीराचे स्मरण करावे, अशी माझी विनंती आहे. आजवर आमच्या गाडीत ते कोणी केलेले मी पाहिले नाही.

आता पाणी ऊन का, हा प्रश्न. मंडळी नेहमी सांगतात की खाली ज्वालामुखी आहे. ते खरे नव्हे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झालेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, डोंगरावर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतो. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून जलद वर आले की थंड होण्यास त्याला सवड मिळत नाही. कोकणाच्या किनाऱ्यास समांतर अशा खडकांतील तुटी उत्तर-दक्षिण गेलेल्या आहेत. म्हणूनच हे झरे पालघरातील कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात, जणू माळेत ओवल्यासारखे, एकामागून एक लागतात.

त्यांची नावेच पाहा. राजापूरजवळ उन्हाळे, खेडजवळ उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. देशावर किनवट तालुक्यात उनकेश्वर, खानदेशात चोपड्याकडे उनपदेव, आणि गुजरातच्या वेशीवर उनाई. ‘ऊन’ हा एवढासा शब्द आपल्या लोकांनी किती दूरवर पाण्यावर लिहून ठेविला आहे! आपल्या वडवलीने मात्र पाण्याचे नाव न घेता देवीचे घेतले. उन्हवऱ्याचे पाणी या सर्वांत कडक, सत्तर अंशांच्या पलीकडे जाणारे. अकलोली-गणेशपुरीचे पन्नास अंशांच्या आसपास. त्यात एकदम उडी घालणे शहाणपणाचे नाही. पायाची बोटे, मग घोटा, मग पोटरी, असा क्रम ठेवावा लागतो, आणि लहान मुलांचे रडणे हा या स्नानाचा अविभाज्य भाग होय.

पाण्यात गंधक आहे, असा सार्वत्रिक समज आहे. पृथक्करणात मात्र मुख्यत्वे क्षारच सापडतात, त्यांतही मिठाच्या जातीचे क्लोराइड अधिक. जिभेला ते पाणी किंचित खारट लागते ते यामुळेच. संधिवातास व आखडलेल्या स्नायूंस ऊन पाण्याने आराम पडतो हे निर्विवाद. पण तो गुण बहुतांशी उष्णतेचा. त्वचारोग समूळ जातो असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. वाग्भटाने अष्टांगहृदयात ऊन पाण्याचे स्नान मानेखालील अंगास बल देणारे, परंतु डोक्यावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अहितकारक सांगितले आहे. आपल्या आज्या हेच सांगत, वाग्भटाचे नाव न घेता. हृदयविकार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्यांनी वैद्याला विचारल्यावाचून कुंडात उतरू नये.

अकलोलीस रामेश्वराच्या देवळाजवळ दगडी बांधणीची कुंडे आहेत. सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड, वायुकुंड, रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड अशी नावे या परिसरात ऐकू येतात. गणेशपुरीस भीमेश्वर महादेवाच्या देवळालगत कुंडे आहेत. १९३६ साली नित्यानंदस्वामी तेथे येऊन राहिले, तेव्हा भोवती रान होते. ते मूळचे दक्षिणेकडील. त्यांच्या वास्तव्यात या रानात वस्ती आली, भाविकांची रीघ लागली, आदिवासी मुलांस जेवण घालण्याचा प्रघात पडला. आधी कुंडात स्नान, मग दर्शन, ही शिस्त तेथे रूढ झाली. ८ ऑगस्ट १९६१ रोजी स्वामींनी देह ठेविला. त्यानंतर गणेशपुरीचे नाव परदेशांतही गेले आणि आपल्या आजोबांनी ज्या कुंडाकाठी भाकरी सोडली तेथे नाना देशांचे लोक पंचा नेसून बसू लागले.

आपल्या मंडळींच्या यात्रेविषयी आता लिहितो. माझी आजी ठाण्याच्या मानपाड्याची. तिच्या तोंडून मी जे ऐकले त्याप्रमाणे, तेव्हा पायी कोलशेतच्या बंदरावर जावयाचे, होडीने खाडी ओलांडून काल्हेरच्या बाजूस उतरावयाचे आणि पुढे बैलगाडी. भिवंडीस एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस वज्रेश्वरी. बरोबर तांदळाच्या भाकरी, वालाचे बिरडे शिजविण्याचे सामान, एक घोंगडी आणि दोन चार घरांत मिळून एक कंदील. गाडीत बसावयाचे ते म्हाताऱ्यांनी आणि बाळंतिणींनी. बाकीचे चाकामागून चालत. एस. टी. ची गाडी १९४८ साली सुरू झाली व पुढे आमच्या भागातही फिरू लागली, आणि ही दोन दिवसांची यात्रा एका सकाळीत आली. मी प्रथम गेलो तो एस. टी. नेच, आजीच्या मांडीवर.

तांदळाची पुरचुंडी झऱ्याच्या तोंडाशी बांधून ठेवावी आणि स्नान होईतो भात मऊ झालेला पाहावा, हा आम्हां मुलांचा मोठा चमत्कार होता. भात कधीही पुरता शिजला नाही. तरी प्रसाद म्हणून प्रत्येकाने तो कचकच चावून खाल्ला आणि ‘शिजला हो’ असे म्हटले.

परंतु आजीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती लिहावी की न लिहावी याचा मी बरेच दिवस विचार केला. स्मरणिकेत आपण आपल्या पूर्वजांचे गुण गातो. तसे ते गावेतही. पण इतिहास म्हणून लेख लिहावयाचा तर अर्धाच कसा लिहावा? आजी सांगे की तिच्या लहानपणी बांधीव कुंडावर पाळ्या असत. ज्यांचा मान मोठा ते आधी उतरत. त्यांचे आटोपेपर्यंत आपली मंडळी काठावर ओली धोतरे घेऊन ताटकळत. हा अपमान आपल्यातील जुनी माणसे चवीने सांगत असत, आणि त्यावर आपल्या मंडळाच्या सभांत आवेशाची भाषणे मीच ऐकली आहेत. मात्र आपली पाळी आली की काय होई, ते कोणी सांगत नसे. आपल्यामागे महार, कातकरी उभे असत. त्यांची पाळी येतच नसे. त्यांनी खाली नदीच्या पात्रात, जेथे दगडांतून ऊन पाणी आपोआप फुटते, तेथे खळगा करून न्हावे.

एकदा एक कातकरी बाई अंगभर फोड आलेले मूल घेऊन कुंडाच्या पायरीपर्यंत आली. तिला ज्याने हटकले तो आजीचा सख्खा चुलता होता, म्हणजे आमच्याच घराण्यातला. बाई काही बोलली नाही. खाली उतरली, हातांनी वाळू उपसली आणि त्या खळग्यात मुलाला बसविले. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती काठावरून पाहत होती. ‘खालचं पाणी आमच्याहून ऊन होतं गो, वाफ येत होती,’ असे ती सांगे आणि पुढे काही न बोलता वाती वळीत बसे.

या गोष्टीस कागदाचा आधार नाही, आजीच्या शब्दाचा आहे. परंतु काळाचा आधार पुष्कळ आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात असा तो ठराव. बोले हे आपल्याच कोकणपट्टीतील भंडारी समाजाचे पुढारी. ज्ञातीचे काम करणारा मनुष्य ज्ञातीबाहेर पाहू शकतो याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्या महाडजवळही सावित्रीकाठी सव येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. इंग्रजांपैकी जेम्स फोर्ब्स हा गृहस्थ १७७१ साली प्रकृतीसाठी दासगावाकडील त्या ऊन पाण्यावर येऊन गेला. समुद्रापलीकडून आलेल्या साहेबाला जे पाणी सहज मिळाले, ते शेजारच्या माणसाला पुढे दीडशे वर्षे झगडल्यावाचून मिळेना, अशी आपली त्या वेळची व्यवस्था होती. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला. त्यानंतर मी ज्या कुंडात आजीच्या कडेवर बसून रडलो त्यात कोण कोण उतरले होते हे मला आठवत नाही, आणि न आठवण्यासारखे ते झाले यातच मोठा फरक पडला आहे असे मी समजतो.

तानसा नदीची हकीकत सांगितल्यावाचून कुंडांची पुरी होत नाही. वरच्या अंगास १८९२ साली तानसाचे धरण पुरे झाले आणि त्या तलावाचे पाणी मुंबईस जाऊ लागले. नदीचे गार पाणी मुंबईने नेले, ऊन पाणी आमच्याकडे राहिले, असे आमचे एक वडीलधारे विनोदाने म्हणत. पावसाळ्यात पूर आला की काठची कुंडे गढूळ पाण्याखाली जातात; पूर ओसरल्यावर गाळ उपसावा लागतो. पूर्वी गाळ उपसणे हेही यात्रेचे अंग असे. भाद्रपद-आश्विनात जाणारी मंडळी घमेली बरोबर नेत. हल्ली गाळाबरोबर साबणाची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या आणि फाटके कपडेही निघतात. आजारी माणसाने अंगावरचे वस्त्र तेथेच टाकून यावे म्हणजे रोग तेथेच राहतो, ही समजूत अद्याप गेलेली नाही. रोग राहतो की नाही देव जाणे, वस्त्र मात्र राहते. वाढती घरे, उपाहारगृहे आणि त्यांचे सांडपाणी यांचा भार या चिंचोळ्या काठावर पडतो आहे. झऱ्यास पाणी देणाऱ्या भेगा डोळ्यांस दिसत नाहीत. काठावर हवे तसे खणीत गेल्यास त्या बुजू अथवा वाट बदलू शकतात, एवढे तरी ध्यानात ठेवावयास हवे.

जपानात बेप्पू, इंग्लंडात बाथ, बिहारात राजगीर, हिमालयात मणिकर्ण व बदरीनाथ. ऊन पाण्याचे झरे जगात जेथे जेथे आहेत तेथे तेथे लोकांनी त्यांभोवती देवळे किंवा स्नानगृहे बांधिली. बाथ येथे रोमन लोकांनी बांधलेले हौद आज जपून ठेवले आहेत व पाहणाऱ्यांची तेथे गर्दी होते. आपल्या कुंडांची वास्तू तितकी भव्य नाही, हे मान्य. पण तिचा साधा नकाशा, कुंडांची मापे, पायऱ्यांची संख्या, कोणत्या ऋतूत कोणते कुंड किती ऊन असते याची नोंद, हे सर्व दोन सुट्ट्यांत चार उत्साही मुले करू शकतील. आपल्या ज्ञातीत स्थापत्य व रसायन शिकलेली मुले आता कमी नाहीत.

मंडळाची वार्षिक सहल यंदा पौष महिन्यात वज्रेश्वरीस नेण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. ठाणे आणि डोंबिवली अशा दोन्ही मानपाड्यांहून गाड्या सुटतील. ज्यांच्या घरी जुन्या यात्रांची छायाचित्रे, खर्चाच्या वह्या, धर्मशाळेच्या पावत्या अथवा नवसाचे कागद असतील त्यांनी ते त्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावेत. प्रती काढून मूळ कागद परत केले जातील. ज्यांच्याजवळ कागद नाहीत पण आजीआजोबांच्या तोंडच्या गोष्टी आहेत, त्यांनी त्या लिहून द्याव्यात. अभिमानाच्या तर द्याव्यातच, पण माझ्या आजीसारख्या वाती वळताना सांगितलेल्याही द्याव्यात. आणि येताना दोन-दोन घरांत मिळून एक घमेले आणावे.